सिंकखाली पाणी गळतंय? आधी कोरडं करा, मग नटाला हात लावा



व्हिडिओ बघून झाला असेल तर हा लेख शेजारी ठेवा. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं आणि क्रम लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार होती. म्हणून आजचा धडा नीट लिहून काढलाय. विषय साधा आहे : स्वयंपाकघरातल्या सिंकखालची गळती घरच्या घरी कशी काढायची. आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, दुकानदारांसाठी दोन गोष्टी.

मी पोलादपूरला हार्डवेअरचं दुकान चालवते. बीबीए झाल्यावर वडिलांच्या गल्ल्यावर बसले, ती आजतागायत. अजूनही एखादं गिऱ्हाईक येऊन विचारतं, "मालक कुठेत?" मग मी वायसरचा डबा पुढे करते आणि विचारते, "सव्वा इंची की दीड इंची?" तिथे प्रश्न संपतो.

पण आजचा धडा माझ्या हुशारीचा नाही, माझ्या चुकीचा आहे.

काकूंची गोष्ट

आमच्या एक काकू कुडपणला राहतात. मुलगा मुंबईला, घरात त्या एकट्या. मागच्या वर्षी त्यांचा फोन आला, "बाय, सिंकखालच्या नटातून पाणी ठिबकतंय. काय लावू?" दुकानात गर्दी होती. मी विचारलं काहीच नाही. दोन रंगांचे गोळे मळून लावतात ती लांबी ओळखीच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवली आणि फोनवर सांगितलं, "नट कोरडा करा, वरून थापून टाका."

त्यांनी थापली. आठ दिवस ठिबकणं थांबलं. नवव्या दिवशी पाणी दुसऱ्या बाजूने उतरलं, ओट्याखालून पुढे गुळगुळीत फरशीवर आलं. पहाटे चहाला उठलेल्या काकू त्यावरून घसरल्या. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात.

मी बघायला गेले तेव्हा सिंकखाली बॅटरी मारली. नटातून काही गळतच नव्हतं. गळत होतं वर, सिंक आणि कपलिंग यांच्या सांध्यातून. तिथलं पाणी पाईपच्या बाहेरच्या अंगाने ओघळत खाली येत होतं आणि नट हा सगळ्यात खालचा उंचवटा, म्हणून थेंब तिथून पडत होता. मी चाळीस रुपयांची लांबी विकली होती, ती चुकीच्या जागेवर.

त्यावर आणखी एक. लांबीमुळे नट पाईपला असा चिकटला होता की सुटेना. पान्याने जोर लावला आणि प्लास्टिकचा नट तडकला. सुटा नट सोबत नव्हता. दोन दिवस काकूंच्या सिंकखाली बादली. एका हाताने ती बादली उचलून बाहेर ओतणाऱ्या काकू मला अजून दिसतात.

म्हणून आजच्या धड्याचं एकच वाक्य पाठ करा : पाणी जिथून ठिबकतं, तिथूनच गळत असतं असं नाही. वस्तू विकत घेण्याआधी गळतीची जागा शोधा.

आधी समजून घ्या : सिंकखाली असतं काय?

वरून खाली मोजा.

१. कपलिंग : सिंकच्या भोकात बसलेली जाळीची वाटी. तिचा कडा वर सिंकमध्ये टेकतो आणि खालून रबरी वायसर व मोठा नट तिला आवळून धरतात. काही कपलिंगला मोठा नट नसतो. जाळीच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो वरची आणि खालची वाटी एकत्र ओढतो.

२. वेस्ट पाईप : आपल्याकडे बहुतेक घरी वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप असतो. वरच्या टोकाला नट आणि आत वायसर.

३. ट्रॅप : पाणी अडून राहील अशी वळणाची जागा. काही ठिकाणी बाटलीसारखा ट्रॅप, काही ठिकाणी पाईपलाच दिलेला वळसा. इथे साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. हे पाणी म्हणजे गटाराचा वास, झुरळं आणि चिलटं अडवणारं दार. ही युक्ती जुनी आहे. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचालयाचं पेटंट घेतलं, त्यात असाच वळसा होता.

४. खालचं टोक : जमिनीतल्या पाईपात किंवा भिंतीतून बाहेर जाणाऱ्या नळीत शिरलेलं.

एक महत्त्वाचा फरक. नळाच्या लाईनमध्ये सतत दाब असतो, त्यामुळे ती फुटली की दिवसभर गळते. सिंकच्या निचऱ्यात दाब नसतो. तिथे सहसा पाणी सोडलं तरच गळतं. म्हणजे नळ बंद, सिंक रिकामं, तरीही खाली थेंब पडतायत? मग दोष बहुधा निचऱ्यात नाही. नळाची जोडनळी किंवा नळाचं बूड बघा.

गळती शोधायची कशी? पंधरा मिनिटांचं काम

लागेल काय : बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड, कोरडं फडकं, जुनं वर्तमानपत्र, बादली, थोडी कपड्यांची नीळ.

१. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. फिनेलची बाटली, कांद्याची टोपली, सगळं.

२. कपलिंग, नट, पाईप वरपासून खालपर्यंत फडक्याने खडखडीत कोरडं करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया.

३. खाली वर्तमानपत्र पसरा. ओला ठिपका कुठे पडतो ते कागद सांगतो.

४. आधी सिंकच्या आत पाणी न सोडता, मगाने थोडं पाणी नळाच्या बुडाशी आणि सिंकच्या कडेला ओट्यावर ओता. कागद ओला झाला तर गळती कडेच्या फटीतून आहे, पाईपातून नाही.

५. पुन्हा कोरडं करा. आता जाळीत फडक्याचा बोळा घट्ट बसवा, सिंक अर्धं भरा, त्यात चार थेंब नीळ टाका. पाच मिनिटं तसंच ठेवा. पाणी उभं असतानाच खाली निळा ओघळ आला तर दोष कपलिंगच्या वरच्या सांध्यात.

६. आता बोळा एकदम काढा. भरलेलं पाणी जोरात जाऊ दे. या वेळी बोट वरून खाली फिरवत न्या. सगळ्यात वरचा ओला भाग हीच गळतीची जागा. त्याच्या खालचं सगळं ओघळाने ओलं झालेलं असतं.

७. पाणी लगेच न गळता, थोड्या वेळाने जमिनीच्या भोकातून वर आलं तर ती गळती नाही. पुढे तुंबलंय.

काकूंकडे मी फक्त पाचवी पायरी फोनवर विचारली असती तरी पुरलं असतं.

आता दुरुस्ती : ज्याला जे लागेल ते

सुरुवातीला एक नियम. निचऱ्याचे नट प्लास्टिकचे असतात. हाताने घट्ट करा, मग फार तर पाव फेरा पान्याने, तोही मध्ये फडकं धरून. गळती थांबत नाही म्हणून जोर वाढवायचा नाही. जोर लावून थांबत नसेल तर वायसर तरी खराब आहे किंवा नट तिरका बसलाय.

दिशा लक्षात ठेवा : सिंकखाली आडवं होऊन खालून वर बघताना नट घड्याळाच्या दिशेने आवळतो, उलट दिशेने सुटतो.

(अ) पाईपच्या वरच्या नटातून गळत असेल

खाली बादली ठेवा. नट सोडा. आतला वायसर काढून बोटांत दाबून बघा. कडक झालाय, चिरलाय, चपटलाय तर बदला. सपाट वायसर असेल तर सरळ बसवा. एका बाजूने निमुळता असेल तर सपाट बाजू नटाकडे आणि निमुळती बाजू ज्या भागात ती शिरते त्याकडे. आटे जुन्या ब्रशने साफ करा, त्यात अडकलेला भाताचा कण सुद्धा नटाला तिरकं बसवतो. आधी उलटा अर्धा फेरा फिरवा, आटे 'टक्' करून जुळले की मग आवळा.

टेफ्लॉन टेप इथे लोक उगाच गुंडाळतात. या सांध्यात पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. टेप जास्त झाली तर नट पूर्ण बसतच नाही.

(आ) कपलिंगच्या वरच्या सांध्यातून गळत असेल

हे काकूंचं प्रकरण. पाईप सोडा, मोठा नट किंवा मधला स्क्रू सोडा, वाटी वर उचलून काढा. सिंकच्या भोकाभोवतीची जुनी लांबी, सिलिकॉन, काळा थर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा. चाकू नको, पत्र्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यातून पुन्हा पाणी जातं. जागा पूर्ण कोरडी करा.

वाटीच्या कड्याखाली सिलिकॉनची एक सलग गोल रेघ द्या, मध्ये तोडू नका. वाटी दाबून बसवा. खालून आधी रबरी वायसर, मग प्लास्टिकची चकती असेल तर ती, मग नट. रबर नेहमी सिंकच्या पत्र्याला टेकलं पाहिजे. चकती आधी आणि रबर नंतर असं उलट बसवलेलं मी कित्येक घरी पाहिलंय. बाहेर आलेलं सिलिकॉन पुसून घ्या.

मग २४ तास पाणी नाही. भांडी बाहेर घासा. पावसाळ्यात लोक म्हणतात, "दमट हवेत सिलिकॉन सुकत नाही." उलट आहे. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच पक्कं होतं. मात्र लावायची जागा ओली असेल तर ते चिकटत नाही.

(इ) पाईपच चिरला असेल

लवचिक पाईप वळ्यांच्या खाचेत चिरतो. त्यावर चिकटपट्टी, लांबी काही टिकत नाही, पाईप हलत राहतो. बदलाच. दुकानात येताना जुना पाईप नटासकट घेऊन या. सिंकचे बहुतेक दीड इंची, हात धुण्याच्या बेसिनचे सव्वा इंची. अंदाजाने नेलात तर दुसरी फेरी ठरलेली.

पाईप चिरण्याची दोन कारणं घरातलीच. पहिलं, उकळतं पाणी. बटाटे उकडलेलं, मोदकपात्रातलं कढत पाणी थेट ओतलं की प्लास्टिक मऊ पडतं. ओतताना नळाचं गार पाणी सोबत सोडा. दुसरं, उंदीर. गणपती झाले की घराला कुलूप, मग थेट शिमग्याला उघडायचं. तेवढ्यात मऊ पाईप कुरतडलेला. ज्यांचं घर असं बंद राहतं त्यांनी कडक पीव्हीसी पाईप आणि बाटली ट्रॅप बसवावा, बाहेरच्या टोकाला जाळी लावावी.

(ई) खालून पाणी उलट येत असेल

आधी बाहेर जाऊन नळीचं तोंड बघा. कुडपणसारख्या गावात सिंकचं पाणी बऱ्याचदा भिंतीतून थेट परसात, अळूच्या नाहीतर केळीच्या मुळाशी जातं. तिथे पालापाचोळा, माती, कधी कुंभारमाशीचं घर. काकूंची केळ दोन महिने सुकत चालली होती. त्या म्हणत होत्या, "ऊन जास्त झालं." ऊन नव्हतं, तिचं अर्धं पाणी ओट्याखाली मुरत होतं.

तोंड मोकळं असेल तर ट्रॅप उघडा, बादलीत रिकामा करा. भांडी घासायची राख आणि काथ्याचे तंतू तेलकटपणात बसून घट्ट गोळा होतो. माशांचे खवले त्यात भर. हे हाताने काढायचं, हातमोजा घालून. मग रबरी पंप मारा.

महाडसारख्या सखल बाजारपेठेतल्यांनी एक वेगळी नोंद घ्या. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा पाणी दारातून शिरलं, तसं मोऱ्या आणि निचऱ्याच्या नळ्यांतूनही वर येऊ शकतं. अशा जागी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व बसवून घेणं हे प्लंबरचं काम, आपलं नाही.

दुरुस्ती झाली, आता परीक्षा

सगळं पुन्हा कोरडं करा, नवीन कागद पसरा, सिंक अर्धं भरा, एकदम सोडा. असं तीन वेळा. दहा मिनिटांनी कागद बघा. मग रात्रभर कागद तसाच राहू दे आणि सकाळी पुन्हा बघा. कागद कोरडा तरच काम झालं. "सध्या तरी गळत नाही" याला झालं म्हणत नाहीत.

हे मात्र करू नका

- तुंबलं म्हणून ॲसिड ओतू नका. आणि ॲसिड व ब्लीचिंगचं पाणी कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.
- नळी साफ करायची पावडर टाकली असेल तर त्यानंतर लगेच ट्रॅप उघडू नका. आतलं पाणी डोळ्यांत, हातावर उडतं. प्लंबरला बोलावलंत तर त्यालाही आधी सांगा.
- ट्रॅप काढून सरळ पाईप जोडू नका. पाणी भराभर जाईल, पण वासही भराभर येईल.
- जागा शोधल्याशिवाय लांबी लावू नका. हे मी माझ्या स्वतःच्या नावावर सांगते.

घर बंद करून जाणार असाल तर निघताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी सोडा आणि वरून दोन चमचे खाण्याचं तेल. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो, ट्रॅपमधलं पाणी लवकर सुकत नाही.

आता दुकानदारांसाठी

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, हे त्याचं माप. नळ घरात आला की मागोमाग सिंक येतं आणि सिंकमागे वेस्ट पाईप. म्हणजे वाडीवस्तीवरही हे गिऱ्हाईक आता आपलं आहे. पण ते रोज येणारं नाही. घाट उतरून येतं, एका फेरीत काम व्हावं म्हणून येतं.

काकूंच्या प्रकारानंतर मी काउंटरवर एक नियम केला. "गळतंय" म्हणत कोणी आलं की वस्तू काढायच्या आधी तीन प्रश्न :

१. नळ बंद असतानाही गळतं का?
२. कोरडं करून बघितलंत का? सगळ्यात वरचा ओला भाग कोणता?
३. जुना भाग किंवा फोटो आणलाय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर मी काही विकत नाही. घरी फोन लावायला सांगते, कोणीतरी फडकं आणि कागद घेऊन बघतं, फोटो पाठवतं. दहा मिनिटं जातात. गर्दीच्या वेळी ती जड वाटतात, खोटं कशाला बोलू. पण परत येणाऱ्या वस्तू कमी झाल्या, वाद कमी झाले.

लांबच्या गावच्या गिऱ्हाइकासाठी एक पिशवी भरून ठेवते : दोन मापांचे सपाट आणि निमुळते वायसर, एक जास्तीचा नट, छोटी सिलिकॉनची नळी, आणि वरच्या सात पायऱ्या छापलेला कागद. न वापरलेलं परत आणलं तर पैसे परत.

वडील आधी म्हणाले, "सगळं शिकवून टाकलंस तर तुझ्याकडे येणार कोण?" आमच्या ओळखीच्या प्लंबरनेही तोंड वाकडं केलं. मग त्याचाच हिशोब मांडला. वीस रुपयांच्या वायसरसाठी घाट चढून जायचं, अर्धा दिवस मोडायचा, आणि मजुरी मागितली की गिऱ्हाईक कुरकुरणार. ते काम त्यालाही नकोच होतं. आता भिंतीतली लाईन, टाकीचं काम, नवीन बांधकाम असलं की लोक दुकानात विचारतात आणि मी त्याचंच नाव सांगते.

गिऱ्हाइकाला वस्तू नको असते, गळती थांबायला हवी असते. वस्तू विकून गळती थांबली नाही तर पैसे आपल्या गल्ल्यात आले तरी विश्वास गेला. माझ्या बाबतीत तर एका म्हाताऱ्या बाईचं मनगट गेलं. काकू काही बोलल्या नाहीत. हात बरा झाल्यावर दुकानात आल्या, पिशवीतून चार केळी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "केळीला पाणी जातंय आता."

या आठवड्याचा गृहपाठ

आज रात्री भांडी झाल्यावर सिंकखालचं सगळं कोरडं करा आणि एक कागद पसरून झोपा. सकाळी चहाच्या आधी बघा. कोरडा असेल तर उत्तम, महिन्यातून एकदा असंच बघत जा. ओला असेल तर पाच ते सात या पायऱ्या करा, सगळ्यात वरच्या ओल्या भागाचा फोटो काढा आणि मगच दुकानात जा. दुकान माझंच असलं पाहिजे असं नाही.

आणि घरात वयस्क माणूस एकटं असेल, तर आज फोन कराल तेव्हा जेवलात का याच्या जोडीला एवढंही विचारा : "ओट्याखाली ओलं नाही ना?"